मुरुम किती खोल, त्याप्रमाणे औषध



या पानावर आपण सणवार, भाषा आणि पूर्वजांच्या आठवणी यांविषयी नेहमी वाचतो. आज जरा निराळा विषय घेतला आहे. तो म्हणजे तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावरील मुरुमांचा. मराठीत यास तारुण्यपीटिका असा भारदस्त शब्द आहे. आपल्या क्रिओलमध्ये 'बुतों' म्हटले की काम भागते. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु इतकी वर्षे वर्गात उभी राहून मी पाहत आले आहे, की मागच्या बाकावर सरकणारी, केस कपाळावर ओढून घेणारी, वर्गाचा फोटो काढण्याच्या दिवशी नेमकी आजारी पडणारी जी मुले असतात, त्यांतील कित्येकांचे दुखणे हेच असते. आईबाप म्हणतात, वयाचा गुण आहे, आपोआप जाईल. पुष्कळदा जातो हे खरे. पण जाताना खड्डे ठेवून गेला तर ते खड्डे लग्नाच्या फोटोतही असतात आणि साठीतही असतात.

गेल्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात पॅरामॅटा येथे माझ्या धाकट्या बहिणीकडे राहण्याचा योग आला. सिडनीच्या मध्यभागापासून पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, नदीकाठी वसलेले हे गाव. तेथील मूळच्या बुरामॅटागल लोकांवरून त्याचे नाव पडले. त्या नावाचा संबंध नदीतील ईल माशांशी आहे आणि आजही तेथील रग्बी संघाचे नाव ईल्स असेच आहे. स्टेशनावरून दहा मिनिटे चालत गेले की हॅरिस पार्क लागते. तेथील विग्राम स्ट्रीटवर भेळ मिळते, मोदकांचे पीठ मिळते, आणि भारतातून आलेली क्रीमेही मिळतात. त्या क्रीमांविषयी पुढे सांगणारच आहे.

बहिणीची मुलगी सोळा वर्षांची. तिच्या कपाटाच्या एका खणात मला मुरुमांच्या अकरा नळ्या आणि बाटल्या सापडल्या. काही पुण्याच्या पाहुण्यांनी आणलेल्या, दोन आपल्या मॉरिशसहून गेलेल्या, एक मैत्रिणीने दिलेली, बाकीच्या तेथील दुकानातल्या. प्रत्येक नळीमागे कोणाचा तरी सल्ला होता. 'माझ्या मुलाला याने गुण आला' हे वाक्य प्रत्येकीबरोबर आले होते. पण हिला कोणत्या जातीचे मुरुम आहेत आणि त्या मुलाला कोणत्या जातीचे होते, हे कोणी विचारले नव्हते. शेवटी ते विचारले कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातील बाईंनी. (आपण ज्याला फार्मासी म्हणतो त्याला तेथे केमिस्ट म्हणतात.) बारावी नळी घेण्यासाठी आम्ही तिघी गेलो होतो. बाईंनी आम्हांला बाजूला घेतले आणि विचारले: बोट लावले तर दुखते का? आत गाठ लागते का? छातीवर, पाठीवर आहेत का? बरे झाल्यावर नुसता काळा डाग राहतो की खळगा पडतो? वडिलांच्या किंवा आईच्या चेहऱ्यावर खळगे आहेत का? पाळी नियमित येते का? एवढे विचारून झाल्यावर त्यांनी दोन डॉलरचेही औषध विकले नाही, डॉक्टरकडे जा म्हणाल्या. मला त्या बाई फार आवडल्या.

त्यांचे ते प्रश्न हीच खरी परीक्षा आहे. मुरुम किती दिसतात यापेक्षा ते किती खोल आहेत आणि मागे काय ठेवून जातात, यावरून औषध ठरते. हे नीट समजण्यासाठी मुरुम होतो कसा ते थोडक्यात पाहू. आपल्या त्वचेत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात, त्यामुळे या ग्रंथी अधिक तेल सोडू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते. बूच उघडे असेल तर वरचा भाग काळा दिसतो. तो मळ नव्हे, म्हणून कितीही घासला तरी निघत नाही. बूच बंद असेल तर पांढरट बारीक पुळी दिसते. आत साठलेल्या तेलावर एक सूक्ष्म जंतू वाढतो आणि मग दाह सुरू होतो: लाल किंवा तपकिरी फोड, पू, आणि भिंत फुटून दाह खोल उतरला तर गाठ. आपल्या जुन्या वैद्यांनीही हे पाहिले होते. सुश्रुतसंहितेत यास मुखदूषिका म्हटले असून सावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. सावरीच्या खोडाला हात लावून पाहिलेल्या माणसाला ती उपमा लगेच पटेल.

आता पहिली पायरी. कपाळावर व नाकावर काळे-पांढरे ठिपके, मधून मधून चारदोन फोड, गाठ नाही, खळगा नाही. हा सौम्य प्रकार. याला डॉक्टरची गरज बहुधा नसते. ऑस्ट्रेलियात बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळते. ते जंतू मारते, आणि विशेष म्हणजे जंतूंना त्याची सवय होऊन ते निर्ढावत नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेने अडीच टक्क्यांच्या मलमापासूनच सुरुवात करावी. दहा टक्क्यांचे घेतले म्हणजे चौपट गुण येतो असे नाही, जळजळ मात्र वाढते. एक सूचना आयांसाठी: हे मलम कपड्यांचा रंग उडवते. रंगीत उशीचा अभ्रा, टॉवेल, शाळेच्या शर्टाची कॉलर यांवर पांढरे डाग पडतात. पांढरा टॉवेल वापरावा. अझेलेइक आम्ल हे दुसरे मलम, तेही चिठ्ठीशिवाय मिळते. ते सौम्य आहे आणि मुरुमाबरोबर काळ्या डागांवरही काम करते. आमच्या घरांतील मुलींना हे अधिक मानवेल असे मला वाटते. नुसते ठिपकेच पुष्कळ असतील तर डॉक्टर ॲडापलीनसारखे जीवनसत्त्व अ-च्या कुळातील मलम देतात. ते रंध्राचे बूचच बसू देत नाही. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, ऑस्ट्रेलियात मात्र चिठ्ठी लागते. ते रात्री लावायचे, वाटाण्याएवढे, आणि फोडावर टिकली लावल्यासारखे नव्हे तर सगळ्या चेहऱ्यावर पातळ. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा सोलते, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटतात, आणि तेथेच बहुतेक मुले ते टाकून देतात. गरोदर स्त्रीने हे मलम वापरू नये.

किती दिवस? येथे मी शिक्षिकेचे माप देते: एका औषधाला एक शालेय सत्र. आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय कोणत्याही मुरुमाच्या औषधाचा निकाल लागत नाही. माझ्या भाचीच्या खणातील अकरा नळ्यांपैकी एकही अर्ध्यावर आलेली नव्हती.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द, कारण आज्या विचारतीलच. चंदनाचा लेप थंडावा देतो, त्याने मुरुम जात नाही, पण साधारणपणे अपायही नाही. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे मात्र वाईट. त्वचा भाजते आणि डाग अधिक गडद होतो. टूथपेस्ट दातांसाठी आहे. कपाळाच्या कडेने रांगेने मुरुम येत असतील तर आधी केसांचे तेल पाहावे. रात्री भरपूर खोबरेल थापून झोपले की ते कपाळावर उतरते आणि रंध्रे बुजवते. तेल सोडा असे मी म्हणणार नाही, माझ्या आजीने मला क्षमा केली नसती. केस धुण्याआधी तासभर लावावे आणि धुवून टाकावे.

खाण्याविषयी आपल्याकडे सगळा दोष तळलेल्या पदार्थांना देतात. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली मुरुम असलेल्या ४३ तरुणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवडे ज्यांनी साखर आणि मैद्याचे, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. तेव्हा भज्यांपेक्षा गोड पेयाच्या बाटलीवर लक्ष ठेवावे. व्यायामशाळेत जाणारी मुले दुधातून काढलेल्या प्रथिनांची जी पावडर डबेच्या डबे पितात, तिच्याने काहींचे मुरुम वाढलेले डॉक्टरांना आढळले आहेत. असो.

दुसरी पायरी मध्यम प्रकाराची. फोड पुष्कळ, पू भरलेले, गालांवर, हनुवटीवर, कधी छातीवर व पाठीवर. येथे दुकानातून डॉक्टरच्या दाराशी जावे. ऑस्ट्रेलियात प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचे असते, त्यांना तेथे जीपी म्हणतात. ते बहुधा ॲडापलीन व बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र देतात आणि गरज पडल्यास त्याबरोबर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक पोटातून देतात. प्रतिजैविक एकटे घ्यायचे नाही, मलम सोबत हवेच, नाही तर जंतू निर्ढावतात. ते वर्षानुवर्षेही घ्यायचे नाही. सुमारे तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहायचे आणि शक्य तर थांबवायचे. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही. अन्ननलिकेला चटका बसतो. मुलगी लोहाच्या गोळ्या घेत असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवायचे, नाही तर औषध अंगी लागत नाही. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. आणि या गोळीवर असताना ऊन फार लवकर भाजते. पॅरामॅटाच्या पश्चिमेस पेनरिथ म्हणून गाव आहे, तेथे ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश तापमान नोंदले गेले. असल्या उन्हाच्या प्रदेशात टोपी आणि ५० क्रमांकाचे, तेल नसलेले सनस्क्रीन यांना पर्याय नाही. तेथील शाळांतून मुले टोपीशिवाय मैदानावर जाऊ शकत नाहीत, असे बहिणीने सांगितले. शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला, ही मोहीम त्या देशात १९८१ पासून चालली आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मुरुम हनुवटीवर व जबड्यावर अधिक, पाळी दोनदोन महिने लांबते, चेहऱ्यावर केस वाढतात, असे असेल तर केवळ त्वचेचा प्रश्न नसेल; बीजकोशाशी संबंधित पीसीओएस हा विकार असू शकतो. तो आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांत पुष्कळ आढळतो. अशा वेळी डॉक्टर संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्या देतात. त्यांतील एक प्रकार म्हणजे संततिनियमनाच्या गोळ्या, आणि त्यांचे नाव निघाले की आमच्या घरांतून शांतता पसरते. ही गोळी येथे मुरुमांचे औषध म्हणून दिलेली असते. आईने हे समजून घेतले तर मुलीला ती लपवून ठेवावी लागणार नाही.

तिसरी पायरी तीव्र प्रकाराची. येथे मला थोडे थांबून लिहायचे आहे. खोल, दुखणाऱ्या गाठी. एक बसते तोवर दुसरी उठते. बऱ्या झाल्या की खळगे. सावळ्या त्वचेवर हा प्रकार ओळखण्यात एक अडचण आहे. गोऱ्या चेहऱ्यावर दाह लालभडक दिसतो, आपल्यावर तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो, म्हणून पाहणाऱ्याला तो कमी वाटतो. डॉक्टरलाही वाटू शकतो. यास्तव स्पर्श महत्त्वाचा: दुखते, आत गाठ लागते, हे मुलाने तोंडाने सांगावे. छातीवर व खांद्यावर आपल्या लोकांत व्रण जाड होऊन वर येतात, तेही दाखवावे. वडिलांच्या गालांवर खळगे असतील तर मुलाच्या मध्यम मुरुमांकडेही तीव्र म्हणूनच पाहावे. आणि मुलगा घराबाहेर पडेनासा झाला, आरशावर टॉवेल टाकू लागला, तर फोड मोजत बसू नये. तेही तीव्रतेचेच लक्षण होय.

अशा वेळी मलमांवर महिने घालवणे म्हणजे खळगे वाढू देणे. यावरचे औषध आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत ते १९८२ साली प्रथम बाजारात आले, आणि मुरुमाच्या चारही कारणांवर, म्हणजे तेल, बूच, जंतू आणि दाह यांवर, काम करणारे आजही हे एकच आहे. साधारण सहा महिने किंवा अधिक काळ ते घ्यावे लागते. पुष्कळांचे मुरुम त्यानंतर कायमचे जातात. परंतु औषध कडक आहे. ओठ सुकून फुटतात, डोळे कोरडे होतात, नाकातून रक्त येते. यकृत व रक्तातील चरबी तपासण्यासाठी रक्त द्यावे लागते. मन खिन्न होते का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. औषध चालू असताना रक्तदान करायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: या काळात गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग होण्याचा मोठा धोका असतो. औषध चालू असताना आणि नंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. म्हणूनच न्यू साउथ वेल्समध्ये हे औषध सुरू करण्याचे काम सामान्य डॉक्टरांचे नाही, ते त्वचारोगतज्ज्ञांचे आहे.

आता एका परिचित घरातील हकिगत सांगते. मुलगी अठरा वर्षांची, गालांवर गाठी. तज्ज्ञांनी आईसमोरच विचारले की गर्भ राहण्याची शक्यता आहे का, आणि कोणती काळजी घेणार. आई संतापून मुलीला घेऊन निघून आली. आमच्या घरची मुलगी तशी नाही, असे तिचे म्हणणे. सहा महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या, तोवर दोन्ही गालांवर खळगे पडले होते. मला त्या आईचा राग समजतो, कारण आम्ही तशाच घरांत वाढलो. पण तो प्रश्न प्रत्येक मुलीला विचारला जातो, मग ती साध्वी असो वा नसो. त्यात संशय नाही, नियम आहे. डॉक्टरांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलू द्या म्हटले तरी आश्चर्य मानू नये. त्या देशात पंधराव्या वर्षापासून मुलांना स्वतःचे वेगळे मेडिकेअर कार्डही घेता येते.

हे औषध भावंडांत वाटून घ्यायचे नाही, ही गोष्ट वेगळी सांगायला नको होती. पण सांगते.

आता त्या क्रीमांकडे वळू. माझ्या भाचीच्या खणातील अकरांपैकी दोन नळ्यांवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन असे लिहिले होते. हे स्टेरॉइड होय. कोठे क्लोबेटासोल, कोठे मोमेटासोन अशी नावे असतात. कित्येकदा रंग उजळवणाऱ्या औषधाबरोबर मिसळलेली. लावले की तीन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, सगळे म्हणतात काय छान क्रीम आहे. काही आठवड्यांनी एकसारखे बारीक फोड येऊ लागतात. त्वचा पातळ होते, गालावर रक्ताच्या बारीक तारा दिसू लागतात, केस वाढतात. लावणे थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. हे मुरुमाचे औषध नव्हेच, याने मुरुम निर्माण होतात. भारतातील बारा केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी करून ती २०११ साली प्रसिद्ध केली. त्यांतील ४३३ जण, म्हणजे सुमारे पंधरा टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरने दिलेले नव्हते; कोणी शेजाऱ्याच्या, कोणी दुकानदाराच्या सांगण्यावरून लावत होते. २०१८ साली भारत सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. तरी नळ्या बॅगांतून प्रवास करीतच आहेत, आणि त्या प्रेमाने नेल्या जातात हीच पंचाईत आहे. मावशीने पुण्याहून आणलेली वस्तू कोण फेकून देईल?

यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती बोलून टाकते. आपल्या घरांत मुरुमावर औषध मागणारा पुष्कळदा गोरेपणच मागत असतो. 'डाग जाऊन रंग उजळेल' असे म्हणत नळी हातात दिली जाते. वर्गातही सावळ्या मुलीला तिच्या रंगाविषयी पहिला टोमणा बहुतेक वेळा घरच्याच माणसाकडून मिळालेला असतो. मुरुम बरा झाल्यावर उरणारा काळा डाग हा रंगाचा दोष नव्हे. दाह झाला त्या जागी त्वचेने अधिक रंगद्रव्य सोडलेले असते. ते काही महिन्यांत फिके होते, ऊन टाळले तर लवकर, फोड पिळले तर उशिरा. खळगा ही निराळी वस्तू. तो कोणत्याही क्रीमने भरत नाही. तेव्हा जाहिरातीत एकच नळी डाग, खळगे आणि रंग या तिन्हींवर रामबाण म्हणून दिसली तर पुढे वाचण्याची गरज नाही. पारा असलेली उजळवणारी क्रीमेही जगभर सापडतात. ज्या डबीवर आत काय आहे हेच लिहिलेले नाही, ती चेहऱ्याजवळ नेऊ नये.

स्टेरॉइड बरेच महिने लावून झाले असेल तर मात्र एकदम फेकून न देता डॉक्टरांना नळी दाखवावी. चेहरा भडकेल तेव्हा काय करायचे, हे आधी ठरवून मग ते सोडवतात. भाचीने ते पंधरा दिवसच लावले होते, त्यामुळे तिचे लवकर निभावले. जीपींनी तिचे मुरुम मध्यम प्रकारचे ठरवले, अकरा नळ्यांच्या जागी दोन औषधे दिली, आणि बारा आठवड्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून घ्यायला सांगितली. मी परतले तेव्हा सहावा आठवडा चालू होता. नवे फोड कमी झाले होते, डाग तसेच होते, आणि ती रोज सकाळी आरशात पाहून आईशी भांडत होती. ते वयाला धरूनच आहे.

खर्चाविषयी. नागरिक व कायम रहिवासी यांना तेथे मेडिकेअर असते. काही डॉक्टर पूर्ण पैसे सरकारकडूनच घेतात, त्याला बल्क बिलिंग म्हणतात, काही वर फी घेतात. हे फोनवर आधीच विचारावे, त्यात कमीपणा नाही. तज्ज्ञांकडे जाण्यासाठी जीपींची चिठ्ठी लागते. ती साधारणपणे तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीपासून बारा महिने चालते. तज्ज्ञांची वेळ मिळायला कधी कधी महिने लागतात, म्हणून गाठी दिसताच चिठ्ठी मागावी, आणि तोवर जीपींचे औषध चालू ठेवावे. शेजारी वेस्टमीड येथे मोठे सरकारी रुग्णालय व मुलांचे रुग्णालय आहे, पण थेट तेथे जाऊन मुरुम दाखवता येत नाहीत. तेथेही चिठ्ठीनेच जायचे. काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा परस्पर करार आहे, त्यांत मॉरिशस नाही आणि भारतही नाही. आपण पाहुणे म्हणून गेलो तर पैसे आपले.

आपल्या घरांतील जी मुले पुढल्या वर्षाच्या आरंभी तिकडे शिकायला जातील, त्यांच्या आयांसाठी आता बॅगेचे सांगते. विद्यार्थी व्हिसावर मेडिकेअर मिळत नाही. विद्यार्थ्यांचा वेगळा आरोग्यविमा घ्यावाच लागतो, आणि जीपींच्या भेटीचा काही खर्च त्यातून निघतो. पण त्वचारोगतज्ज्ञ आणि औषधे यांसाठी किती मिळेल हे पॉलिसी वाचूनच कळेल. ज्या मुलाचा उपचार येथे चालू आहे, त्याने औषधाचे मूळ नाव (दुकानातील नाव नव्हे), किती टक्के किंवा किती मिलिग्रॅम, आणि कोणत्या तारखेपासून, हे डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. चिठ्ठीची औषधे स्वतःसाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती, मूळ डबीत, चिठ्ठीसह नेता येतात. आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर निघण्यापूर्वीच तेथील तज्ज्ञांची वेळ मागून ठेवावी. मध्येच खंड पडला तर दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांची चिठ्ठी मागत बसतात. आणि मावशीला द्यायची असेलच तर चकलीची भाजणी द्यावी, ती मात्र कस्टमच्या कागदावर लिहून दाखवावी लागते.